तेल चाखून पाहिलंय कधी?

दोस्तांनो, आज एक सोपा वाटणारा प्रश्न. साखर गोड, मीठ खारट, चिंच आंबट, कारलं कडू. मग तेल कसं?

"तेलकट!" असं तुमच्यातले निम्मेजण ओरडतील. पण तेलकट ही काही चव नव्हे. बोटाला लागतं ते तेलकट. जिभेला काय लागतं ते सांगा बघू! झालात ना गप्प? आई-बाबांना विचारलंत तर तेही विचारात पडतील. आजीला मात्र विचारून बघा. करडईचं तेल निराळं, शेंगदाण्याचं निराळं, तिळाचं त्याहून निराळं, असं ती बसल्या जागी सांगेल.

दूरच्या ग्रीस देशात तेलाची चव ओळखणं ही शिकण्याची विद्या मानतात. त्यासाठी खास पेले असतात, नियम असतात, परीक्षकही असतात. आज आपण ती विद्या शिकणार आहोत आणि आपल्या घाण्यावरच्या तेलाला लावून पाहणार आहोत. सुरुवात मात्र करायची गोदाकाठच्या पुणतांब्यापासून.

कोरं पत्र आणि कोरं तेल

पुणतांबा हे अहिल्यानगर (पूर्वीचं अहमदनगर) जिल्ह्यातल्या राहाता तालुक्यातलं गाव. दौंड-मनमाड रेल्वेमार्गावरचं हे जंक्शन. शिर्डीला जाणारा फाटा इथूनच फुटतो. आणि इथेच गोदावरीच्या काठी चांगदेव महाराजांची समाधी आहे.

चांगदेवांची गोष्ट तुम्हाला ठाऊक असेलच. योगबळाने ते चौदाशे वर्षं जगले, अशी कथा सांगतात. त्यांना ज्ञानेश्वरांना पत्र लिहायचं होतं. पण मायना काय लिहावा? वयाने ज्ञानेश्वर अगदीच लहान, म्हणून 'चिरंजीव' लिहावं, तर ज्ञानाने ते थोर. 'तीर्थरूप' लिहावं, तर वय आड येतं! शेवटी त्यांनी कोराच कागद धाडून दिला. तो पाहून मुक्ताबाई हसल्या. एवढी वर्षं जगून हे कोरेच राहिले, असं त्या म्हणाल्या म्हणे! त्या कोऱ्या पत्राला ज्ञानेश्वरांनी पासष्ट ओव्यांचं उत्तर लिहिलं. तीच 'चांगदेव पासष्टी'.

आता स्वयंपाकघरात चला. रिफाइंड तेलाचं पाकीट असेल, तर त्यातलं चमचाभर तेल वाटीत घ्या. वास घ्या. काही आला? नाही. जिभेला लावा. काही कळलं? नाही. ते सूर्यफुलाचं की सोयाबीनचं की सरकीचं, हे डोळे मिटून सांगता येणं कठीण. हे तेलसुद्धा चांगदेवांच्या पत्रासारखं कोरं!

पण एक फरक आहे बरं का. चांगदेवांचं पत्र मुळातच कोरं होतं. तेलावर मात्र आधी पुष्कळ काही 'लिहिलेलं' असतं, ते कारखान्यात पुसून टाकतात. सोयाबीनसारख्या बियांमधलं तेल हेक्झेन नावाच्या द्रावणात विरघळवून काढतात आणि मग ते द्रावण उडवून लावतात. तेलातली आम्लं काढून टाकतात. खास मातीतून गाळून रंग उतरवतात. शेवटी हवा काढून घेतलेल्या बंद भांड्यात, दोनशे अंशांहून जास्त तापमानाला, तेलातून वाफ सोडतात. त्या वाफेबरोबर वासही निघून जातो.

म्हणजे रिफाइंड तेल वाईट का? तसं नाही. ते जास्त तापवलं तरी लवकर धुरावत नाही, पुष्कळ दिवस टिकतं आणि स्वस्तही पडतं. फक्त त्याला स्वतःचं काही बोलायचं नसतं. बोलणारं तेल पाहायचं असेल, तर घाण्यावर जायला हवं.

चला घाण्यावर

अलीकडे महाराष्ट्रात गावोगावी लाकडी घाणे पुन्हा दिसू लागलेत. तुमच्या जवळपास एखादा असेल, तर सुट्टीच्या दिवशी बाबांबरोबर किंवा आईबरोबर जरूर जा.

लांबूनच खमंग वास येईल. आत मधोमध लाकडाचं मोठं उखळ आणि त्यात तिरकं बसवलेलं जाडजूड मुसळ दिसेल. पूर्वी या मुसळाला आडवा दांडा जोडून बैल गोल गोल फिरवत. त्याला चक्कर येऊ नये, म्हणून डोळ्यांवर झापडं बांधत. दिवसभर चालायचं आणि पोचायचं कुठेच नाही! म्हणून तर सतत राबणाऱ्या माणसाला आपण 'घाण्याचा बैल' म्हणतो. आता बैलाची जागा विजेच्या मोटारीने घेतली आहे. पण वेग अजून संथच, मिनिटाला दहा-पंधरा फेरे.

उखळात दाणे ओतले की आधी नुसता चुरा होतो. मग त्याचा लगदा होतो. घाणेवाले काका मधूनच पाण्याचा हबका मारतील. "काका, तेलात पाणी कशाला?" असं तुम्ही विचारालच! त्या थोड्याशा पाण्याने लगदा बांधून येतो आणि तेल सुटायला मदत होते. हळूहळू लगद्याला चकाकी येते आणि उखळाच्या तळाशी असलेल्या भोकातून तेलाची धार लागते. ती हाताला कोमट लागते. हे तेल गढूळ दिसतं. ते काही दिवस स्थिर ठेवलं की गाळ तळाशी बसतो आणि वर नितळ तेल राहतं. उखळात उरते ती पेंड, ती गाई-म्हशींना.

एका वेळी उखळात जेवढा माल घालतात, तोही 'घाणा'च. आई म्हणते ना, "भज्यांचा पहिला घाणा काढलाय, गरम आहे तोवर खाऊन घ्या"? तो शब्द इथूनच कढईपर्यंत पोचला!

आता थोडं गणित. साधारण अडीच किलो शेंगदाण्यांतून घाण्यावर एक किलो तेल निघतं. समजा, दाणे १०० रुपये किलो आहेत. मग एक किलो तेलासाठी नुसत्या दाण्यांचेच २५० रुपये झाले. पेंड विकून काही पैसे परत येतात, पण वीज, मजुरी आणि बाटली यांचा खर्च वर असतोच. तर मग 'शुद्ध घाण्याचं शेंगदाणा तेल' कुणी १६० रुपयांना देत असेल, तर काय समजायचं? विचार करा!

आपल्याकडे घाण्याचा मान मोठा. संत संताजी जगनाडे महाराज हे चाकणचे, घाण्यावर तेल काढणारे. ते तुकाराम महाराजांच्या चौदा टाळकऱ्यांपैकी एक. तुकोबांचे अभंग लिहून ठेवण्याचं मोठं काम त्यांनी केलं. त्यांची समाधी पुणे जिल्ह्यात सुदुंबरे इथे आहे. पुढे १९३४ साली गांधीजींच्या प्रेरणेने वर्ध्याला अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. तिथे झवेरभाई पटेल यांनी जुन्या घाण्यात सुधारणा केल्या आणि कमी श्रमात जास्त तेल देणारा घाणा तयार केला. तो 'वर्धा घाणा' म्हणून ओळखला गेला.

ग्रीसमधली तेलगिरणी

आता उडी मारू थेट ग्रीसमध्ये. आपलं तेल निघतं बियांतून, त्यांचं निघतं फळातून. ऑलिव्हचं फळ साधारण बोराएवढं. झाडावरून तोडून तोंडात टाकाल, तर लगेच थुंकाल, इतकं ते कडू असतं! पण त्याच फळाचं तेल ग्रीक माणूस भाजीत, कोशिंबिरीत आणि पावावरही घेतो. जगात माणशी सर्वांत जास्त ऑलिव्ह तेल खाणाऱ्या देशांत ग्रीसचं नाव वरच असतं.

हे प्रेम फार जुनं आहे. अथेना देवी आणि समुद्रदेव पोसायडन यांच्यात एका नगरावरून चुरस लागली, अशी ग्रीक कथा आहे. पोसायडनने खाऱ्या पाण्याचा झरा दिला, अथेनाने ऑलिव्हचं झाड दिलं. लोकांच्या नगराला अथेनाचं नाव मिळालं, ते अथेन्स! तिथल्या खेळांत जिंकणाऱ्यांना चित्रं काढलेले मोठे रांजण बक्षीस मिळत, तेही तेलाने भरलेले.

हिवाळ्याच्या तोंडावर तिथे तोडणी सुरू होते. झाडाखाली जाळी अंथरतात आणि फळं झोडपून खाली पाडतात. पोती भरून गिरणीत नेतात आणि नंबर लावून उभे राहतात. अगदी आपल्या पिठाच्या गिरणीसारखं! फळं धुऊन बियांसकट भरडतात. त्या लगद्याला अर्धा-पाऊण तास सावकाश मळतात, म्हणजे तेलाचे बारीक थेंब एकमेकांना मिळून मोठे होतात. मग तो लगदा यंत्रात जोरात गरगर फिरवतात. पाणी आणि चोथा जड, तेल हलकं, त्यामुळे तेल वेगळं होतं. पूर्वी मात्र दगडी चाकं फिरवायला गाढव जुंपत. घाण्याच्या बैलाचा हा ग्रीक भाऊच म्हणा ना! तिथल्या स्पार्टा शहरात या साऱ्याचं एक संग्रहालयसुद्धा आहे.

ताजं हिरवट तेल धारेला लागलं, की भाजलेल्या पावावर ओतून तिथल्या तिथे चव घेतात. आपल्याकडे ज्वारीच्या भाकरीवर ठेचा आणि वर कच्च्या तेलाची धार असते, तसंच!

शब्दांचीही गंमत पाहा. 'तेल' हा शब्द आला 'तीळ' या शब्दापासून. आणि इंग्रजीतला 'ऑइल' आला ग्रीकांच्या ऑलिव्हसाठीच्या शब्दापासून. ज्याच्या दारात जे पिकलं, त्यावरून त्याने साऱ्या तेलांचं नाव ठेवलं!

चाखणाऱ्यांचे नियम

माद्रिद शहरात आंतरराष्ट्रीय ऑलिव्ह परिषद आहे. तेल चाखायचं कसं, याचे नियम तिने ठरवून दिलेत. आठ ते बारा शिकवून तयार केलेले परीक्षक बसतात. प्रत्येकापुढे रंगीत काचेचा छोटा पेला असतो. रंगीत का? तर तेलाचा रंग दिसू नये म्हणून. पिवळंधमक किंवा हिरवंगार दिसलं की मन आधीच "वा!" म्हणून मोकळं होतं. परीक्षकाने डोळ्यांचं ऐकायचं नाही!

पेल्यावर झाकण असतं. तेल साधारण २८ अंशांपर्यंत कोमट करतात, म्हणजे वास मोकळा होतो. परीक्षकाने अत्तर लावायचं नाही आणि आधी तासभर काही खायचं नाही. आधी वास घ्यायचा. मग घोटभर तेल तोंडात घेऊन जिभेवर पसरवायचं आणि दातांच्या फटीतून थोडी हवा आत ओढायची. दोन नमुन्यांच्या मध्ये सफरचंदाची फोड आणि पाणी.

हवा कशाला ओढायची? त्यासाठी एक प्रयोग करा. नाक चिमटीत धरून खडीसाखरेबरोबर बडीशेप चावा. फक्त गोड लागेल. आता नाक सोडा. एकदम बडीशेप जाणवेल! ज्याला आपण चव म्हणतो, त्यातला मोठा भाग घशामागून नाकाकडे जाणारा वासच असतो.

चांगल्या ऑलिव्ह तेलात परीक्षक तीन गुण शोधतात: ताज्या फळाचा वास, कडसरपणा आणि घशाला लागणारा तिखटपणा. हो, तिखटपणा! ताजं तेल गिळलं की चक्क ठसका लागतो. तो का लागतो, हे अमेरिकेतल्या मोनेल संस्थेच्या शास्त्रज्ञांनी शोधलं. तेलातल्या 'ओलिओकँथल' नावाच्या पदार्थामुळे. आयबुप्रोफेन हे दुखण्यावरचं औषध घशाला जसं झोंबतं, तसाच तो झोंबतो. हा शोध २००५ साली प्रसिद्ध झाला.

दोषांची यादीही असते: खवट, कुबट, आंबूस, मातकट. यातला एखादा दोष सापडला, की तेल 'एक्स्ट्रा व्हर्जिन' या पहिल्या वर्गातून खाली आलं. प्रयोगशाळेचे आकडे कितीही चांगले असोत, जिभेच्या परीक्षेत नापास तो नापासच!

आता आपली पाळी

वरचे दोषांचे शब्द पुन्हा वाचा. खवट, कुबट, आंबूस... मराठीत ते आधीपासूनच आहेत! म्हणजे आपल्या आजी-पणजी हीच परीक्षा घेत होत्या. फक्त त्यांच्याकडे रंगीत पेले नव्हते.

तर रविवारी सकाळी घरी परीक्षकांचं मंडळ भरवा. एक मोठं माणूस बरोबर हवंच. शेंगदाणा किंवा तीळ ज्यांना सोसत नाहीत, त्यांनी या खेळात भाग घ्यायचा नाही.

१. चार वाट्या घ्या. एकीत घाण्याचं करडई तेल, दुसरीत घाण्याचं शेंगदाणा तेल, तिसरीत तिळाचं, चौथीत रिफाइंड. प्रत्येकी एक चमचा पुरे. वाटीखाली आकड्याची चिठ्ठी चिकटवा आणि वाट्यांची जागा बदला.

२. वाटीवर बशी झाकून ती दोन्ही तळव्यांत धरा. दोन मिनिटांनी बशी जरा सरकवून वास घ्या. मनात आलेला पहिला शब्द लगेच वहीत लिहा. शेजारच्याच्या वहीत डोकवायचं नाही!

३. दोन-तीन थेंब जिभेवर घ्या आणि तोंडभर पसरू द्या. हवा अगदी हळूच ओढा, जोरात ओढलीत तर तेल श्वासनलिकेत जाईल. लहान भावंडांनी हे करायचं नाही. त्यांनी तेल भाकरीच्या तुकड्याला लावून खावं.

४. मध्ये पाणी प्या आणि सफरचंदाऐवजी पेरूची फोड खा. राहात्याचे पेरू प्रसिद्धच आहेत!

५. शेवटी चिठ्ठ्या उघडा. किती ओळखता आले?

पहिल्या दिवशी दोन ओळखलेत तरी शाबास. मग मुद्दाम तेलाचे चार थेंब बशीत उघड्यावर, उन्हाच्या खिडकीत आठवडाभर ठेवा आणि ताज्या तेलाशेजारी ठेवून वास घ्या. तेल खवट होणं म्हणजे काय, ते कायमचं लक्षात राहील. करडईचं साधं तेल हवा आणि उजेड लागून लवकर बिघडतं. म्हणून घाण्याचं तेल थोडंच आणावं आणि झाकण लावून अंधाऱ्या, थंड जागी ठेवावं.

पण एक गोष्ट विसरू नका. नाक आणि जीभ म्हणजे प्रयोगशाळा नव्हे. १९९८ साली दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोतऱ्याच्या बियांच्या तेलाची भेसळ झाली आणि साठहून अधिक माणसं दगावली. अशी भेसळ नुसत्या चवीने ओळखता येईलच असं नाही. म्हणून तेल ओळखीच्या घाण्यावरून किंवा परवाना क्रमांक आणि तारीख छापलेलंच घ्यावं.

करडई गेली कुठे?

ही सगळी खटपट कशासाठी? नुसता खेळ म्हणून नाही.

करडई हे आपल्या कोरडवाहू रानाचं पीक. पाऊस सरता सरता पेरायचं आणि जमिनीतल्या ओलीवर वाढवायचं. पानांना काटे असल्याने जनावरं शिरत नाहीत, म्हणून ज्वारीच्या कडेने करडईचे तास घालत. कोवळ्या पानांची भाजी, बियांचं तेल आणि पाकळ्यांचा कुसुंबी रंग. एका झाडाचे उपयोग तरी किती! महाराष्ट्र आणि कर्नाटक ही करडईची मुख्य राज्यं. १९८० च्या दशकात देशात ती लाखो हेक्टरांवर होती. आता तिचं क्षेत्र एक लाख हेक्टरच्याही आत आलंय.

का बरं? एक तर काटे. काढणीला मजूर तयार होत नाहीत. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने 'नारी-६' हा बिनकाट्याचा वाण काढला, तो याचसाठी. दुसरं, पाणी. पुणतांबा-राहाता भागासारखा जिथे कालवा पोचला, तिथे ऊस, कांदा, गहू आले. आणि तिसरं कारण म्हणजे भाव.

भावाचं महत्त्व पुणतांब्याला कुणी सांगायला नको. १ जून २०१७ ला सुरू झालेल्या शेतकरी संपाची हाक याच गावातून गेली होती. दूध आणि भाजीपाला शहरांकडे पाठवणं शेतकऱ्यांनी थांबवलं होतं. कर्जमाफी आणि शेतमालाला योग्य भाव, या त्यांच्या मागण्या होत्या.

आपला देश खाण्याच्या तेलापैकी निम्म्याहून अधिक तेल बाहेरून आणतो: पामतेल इंडोनेशिया-मलेशियातून, सूर्यफुलाचं रशिया-युक्रेनकडून. २०२२ साली तिकडे युद्ध पेटलं आणि आपल्या किराणा दुकानात तेल महागलं, हे आई-बाबांना आठवत असेल. राजस्थानात तर सरकारने ऑलिव्हची झाडंही लावून पाहिली. २०१४ साली बिकानेर जिल्ह्यात लूणकरणसरला तेलगिरणी सुरू झाली.

आता सांगा, चारही वाट्यांतलं तेल ज्याला सारखंच लागतं, तो दुकानात काय बघून तेल घेईल? पाकिटावरचं चित्र आणि किंमत! मग चांगली करडई पिकवणाऱ्याला आणि ती निगुतीने गाळणाऱ्याला चार पैसे जास्त कोण देणार? ग्रीसच्या शेतकऱ्याच्या तेलाला वरचा भाव मिळतो, कारण तिथे चव ओळखणारं गिऱ्हाईक आहे. चव ओळखल्याने शेतकऱ्याचे सगळे प्रश्न सुटतील असं नाही. पण ती न ओळखता त्याचं चांगलं तेल टिकेल, असंही नाही.

तेव्हा या महिन्यात एक करा. घरात तेल संपलं की बाजाराची पिशवी तुम्ही घ्या. घाण्यावर जाऊन विचारा, "काका, दाणे कुठले? तेल कधी काढलं? वास घेऊन पाहू का?" घरी आल्यावर बाटलीवर चिठ्ठी चिकटवा: कशाचं तेल, कुठल्या घाण्याचं, कोणत्या तारखेचं. आणि खाली एक रिकामी ओळ ठेवा, 'चव कशी?' ती ओळ मात्र घरातल्या प्रत्येकाने स्वतःच्या शब्दांत भरायची. 'तेलकट' हा शब्द चालणार नाही बरं का!